नववी खेळाडू आणि तिची सासू

२३ सप्टेंबर, सोमवार

आठच! सॉफ्टबॉलला नऊ लागतात, मैदानावर आठ पोरी. अमरावतीची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा दोन आठवड्यांवर. नववी राखी – माझी शॉर्टस्टॉप, सगळ्यात जास्त बॉल जिच्या अंगावर येतात ती. काल तिचा साखरपुडा झाला. आज तिने वैजयंतीच्या हाती ग्लोव्ह परत पाठवला. वैजयंती आमची कॅचर, तोंडाळ. ‘मॅडम, सासरच्यायनं खेळ बंद कर म्हटलं म्हने.’

प्राचार्यांना सांगितलं. म्हणाले, ‘मग आठ जणींचं क्रिकेट घ्या ना.’ सहा वर्षं झाली मी या कॉलेजात. अजून ते याला क्रिकेटच म्हणतात! पण टीम गेली नाही तर पुढच्या वर्षी खेळ बंद, आणि खेळ बंद म्हणजे तासिकेवरची नीलिमा मॅडम, म्हणजे मीही बंद – हे मात्र त्यांना बरोब्बर माहीत.

२४ सप्टेंबर

राखीच्या घरी गेले. तिचे बाबा देवमनभाऊ हात जोडूनच बाहेर आले. ‘आता आमच्या हाती काई नाई, मॅडम. तिच्या सासूले इचारा.’ पोरगी अजून यांच्याच ताटात जेवते आणि मालकी सासरी अनसिंगला गेली!

२९ सप्टेंबर, रविवार

अनसिंग. आमच्या वाशीमकडच्या मालेगावहून स्कूटीवर दीड तास. बॅगेत बॅट, बॉल, ग्लोव्ह – कायले घेतलं कोण जाणे.

सासूबाईंचं नाव सोजरबाई. उंच, दणकट, अंगणात सोयाबीन पसरत होत्या. नवरदेव हरीओम वाशीमला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये आहे, तो घरी नव्हता. बरं झालं.

‘काय होते या खेळानं?’

मी शिस्त, आरोग्य, आत्मविश्वास, सगळं बोलून टाकलं. त्यांचा हात सोयाबीनवरून हलला नाही.

‘तू खेळे काय?’

‘हो. पिचर होते. बॉल टाकायचे.’

‘मंग सोडलं काहून?’

याचं माझं उत्तर पाठ आहे – खांदा दुखावला. आज तोंडातून खरंच निघालं. २०११. विद्यापीठाच्या संघात निवड झाली होती, देशपातळीवर जायचं होतं. निघायच्या दिवशीच बाबांनी मला बघायला पाहुणे बोलावले. मी थांबले. पोहे नेऊन दिले. पाहुण्यांनी माझे तळहात पाहिले, पोरगी खरबरीत आहे म्हणाले, आणि गेले. तोवर गाडीही गेली होती.

सोजरबाई एकदम हसत सुटल्या!

‘पोहे तरी खाल्ले का त्यायनं?’

‘दोन-दोन प्लेटा.’

‘हात तिच्या! आन इकडं तो बॉल.’

लहानपणी ज्वारी राखायच्या म्हणे, गोफणीने पाखरं हाकलायच्या. पदर खोचला. मी ग्लोव्ह घालून गोठ्यापाशी उभी राहिले. बॉल दिसलाच नाही – डोक्यावरून गेला आणि शेजारच्या मोहनसिंगच्या डिश अँटेनावर टण्ण! तो बनियनवर बाहेर. ‘कोन होय?’

सोजरबाईंनी शांतपणे माझ्याकडे बोट केलं. ‘ह्या मॅडम.’

अर्धा तास मी त्याच्या छपरावर चढून अँटेना फिरवत होते. खालून सोजरबाई म्हणाल्या, ‘राखी येईन खेळाले. पन म्या संग येईन!’

३ ऑक्टोबर

परवा राखी आली, सोजरबाई आल्या, नऊ जणींच्या भाकरी आल्या. दोन दिवसांत माझ्या पोरींची फेक अशी सुधारली की मला पोटात दुखतंय. वैजयंती विचारते, ‘मॅडम, आता कोच कोन हाय?’ मी तिला मैदानाला पाच चकरा मारायला लावल्या. सोजरबाईंनी त्या तीनवर आणल्या.

८ ऑक्टोबर, अमरावती

पहिली मॅच जिंकलो! सात-तीन! प्राचार्यांना फोन केला. ‘किती विकेटनं?’

दुपारी उपांत्य सामना, यवतमाळच्या पोरींशी. त्यांचे पाच, आमचे चार. शेवटची इनिंग, दोघी आऊट, तिसरी झाली की खेळ संपला, राखी पहिल्या बेसवर. पिचरच्या हातातून बॉल सुटला की धावत जाऊन पुढचा बेस गाठायचा, याला आमच्यात बेस चोरणं म्हणतात. मी जीव खाऊन ओरडले, ‘चोर, राखी! चोर!’

राखी वाऱ्यासारखी सुटली. अर्ध्यात पोचली. मग प्रेक्षकांतून तो आवाज –

‘मांगं फिर राखी! आपल्या घरान्यात चोरी नाई!’

राखी थांबली. खरंच थांबली! होणाऱ्या सासूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात त्यांच्या पोरीने येऊन हळूच तिच्या पाठीला बॉल लावला. आऊट. मॅच खतम.

परतीच्या बसमध्ये कारंजा यायच्या आधी सोजरबाई म्हणाल्या, ‘नियमात चोरी हाय, हे पैलेच सांगा लागत होतं, मॅडम.’ आधी वैजयंती फुटली, मग सगळ्याच. मी पण. हरून इतकं कधी हसले नव्हते.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

राखीचं नाव विद्यापीठाच्या संघात! यादी चारदा वाचली. शिबीर १८ नोव्हेंबरपासून. लग्न २१ला.

पत्र तिच्या हातात दिलं. ‘मॅडम, काय करू?’

जा – तोंडाशी आलं होतं. गिळलं. माझं जुनं दुखणं त्या पोरीच्या डोक्यावर कशाला? म्हटलं, ‘तू ठरव.’ घरी आले, आरशापुढे उभी राहिले आणि म्हणत सुटले – जा! जा! जा!

आतून आई, ‘कोनाले हाकलून राह्यली वं?’

१८ ऑक्टोबर

राखीने हरीओमला लग्न महिनाभर पुढे घे म्हणून विनवलं. तो म्हणाला, ‘एक तर तो बॉल, नाई तर मी.’ हिने अंगठी काढून देवमनभाऊंच्या हाती दिली.

मग माझ्याकडे आली. खूप रडली. मधेच विचारलं, ‘शिबिरात बूट आपले न्या लागते काय?’ परत रडली.

१९ ऑक्टोबर

बाजारात सगळे बोलतात – मॅडमनं लगन मोडलं. प्राचार्यांनी बोलावलं आहे, सोमवारी. सोजरबाईंना फोन लावला आणि वाजायच्या आत कापला. असं तीनदा. काय तोंडानं बोलू? त्या बाईंनी पोरीला मैदानावर पाठवलं, आणि मी त्यांच्या घरातली सून घालवली.

२१ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी साडेसातला मैदानाच्या फाटकात सोजरबाई. एकट्या. पोरी जागच्या जागी थिजल्या. राखी माझ्या मागे लपली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी पदर खोचला. ‘लगन हरीओमचं मोडलं. माह्यं काय मोडलं? – राखे, मांगं सरक, बॉल येऊन राह्यला!’