गोजराबाईच्या मचव्याबाबत खुलासा

मुक्काम मचव्यावर, अमिनदिवी बेटांच्या आसपास
(नक्की कुठे, ते फय्याज झोपेतून उठल्यावर विचारून लिहीन)
पौष वद्य अष्टमी, शके १८५०

श्रीयुत शालिग्रामभाऊ, शिरपूरकर, यांचे सेवेसी,

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा मारोतराव, राहणार आसेगाव, सध्या पाण्यावर, याचा हात जोडून रामराम. (हात जोडण्यापुरती लेखणी खाली ठेवली, तेवढ्यात मचवा हलला आणि दौत लवंडली. कागदावरचा निळा डाग हा समुद्राचा नकाशा समजू नये.) तुमचे गुडघे कसे आहेत? तुरीचे वावर निघाले का? कापसाची वेचणी आटोपली असेल, वाशीमच्या बाजारात बंड्यांची रांग लागली असेल, आणि तुम्ही त्या रांगेत बंडीवर बसून, पायाखाली घट्ट जमीन असताना, तिची काडीचीही कदर न करता विडी ओढत असाल. माझे म्हणाल तर प्रकृती उत्तम आहे. फक्त उभे राहवत नाही, बसवत नाही, आणि आडवे झाले की छत फिरते. गोजरा खुशाल आहे. तिच्या खुशालीविषयीच पुढे सविस्तर लिहायचे आहे.

तुमचे पत्र तांदूळ घेऊन आलेल्या एका होडीतून मिळाले. तुम्ही लिहिता, की मी तुमच्या भोळ्या बहिणीला फूस लावून समुद्रात नेले, तिला भाकरीऐवजी मासळी चारतो, आणि वैशाखातल्या अखाजीपर्यंत तिला आसेगावात आणून उभी केली नाही तर तुम्ही स्वतः येऊन तिला घेऊन जाल. भाऊ, तुमचा मान मोठा, पण त्यातल्या ‘भोळ्या’ या शब्दाला माझी हरकत आहे. मासळी गोजराने चाखलेली नाही. (चाखली ती मी, तीही औषध म्हणून. औषध सध्या दोन्ही वेळा चालू आहे.) आणि फूस कोणी कोणाला लावली, ते सगळे वाचून तुम्हीच ठरवावे.

तुम्हाला ठाऊक आहे, की लढाईच्या वेळी मी मजूर पलटणीत दोन वर्षे बसऱ्याला होतो. (परत आल्यावर मी गावात सांगत असे, की समुद्र मी पालथा घातला आहे. जाताना आणि येताना मी आगबोटीच्या तळाशी कांद्याच्या पोत्यांवर डोळे मिटून पडलो होतो, एवढा तपशील सांगायचा राहिला.) तिथे मंगळूरकडचा सैफुद्दीन नावाचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, तापाने पडला आणि मी त्याला वीस दिवस पेज पाजली. मागल्या साली तो वारला आणि मरताना आपला मचवा माझ्या नावाने करून गेला. मचवा म्हणजे एका डोलकाठीची, शिडावर चालणारी होडी, आपल्या तीन बैलबंड्या एकीमागे एक उभ्या कराव्या एवढी लांब. आता आसेगावात मचवा घेऊन मी काय करू? आपल्या नदीला पाणी येते ते पुलावर उभे राहून पाहण्यापुरते. तेव्हा दिवाळी झाली की मंगळूरला जायचे, मचवा विकायचा आणि पंधरा दिवसांत परत यायचे, असे मी ठरवले. गोजरा म्हणाली, मीही येते, एकदा समुद्र पाहू द्या. बावीस वर्षांच्या संसारात तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. मी हो म्हटले. माझा गुन्हा एवढाच आहे.

मंगळूरला गिऱ्हाईक तयार होते. कौलांचा एक व्यापारी, सज्जन माणूस, त्याला मचवा पसंत होता. कागद लिहायला घेणार, इतक्यात गोजरा म्हणाली, थांबा, मी बी पाहून घेतो. पदर खोचून ती फळीवरून मचव्यावर चढली आणि पोळ्याच्या आधी तुम्ही बाजारात बैल पाहता तशी तिने त्याची तपासणी सुरू केली. लाकडावर टिचक्या मारल्या, पेवात उतरावे तशी तळात उतरली, वर येऊन सुकाणू दोन्ही बाजूंना फिरवून पाहिले. सैफुद्दीनचा पुतण्या फय्याज, चाळिशीतला बाप्या, मचव्याची राखण करत होता. त्याला तिने आपल्या हिंदीत दहा गोष्टी विचारल्या आणि त्याने आपल्या हिंदीत पंधरा सांगितल्या. मग खाली येऊन ती मला म्हणाली, “इकाचा नाई.”

मी म्हटले, “काहून?”

“चांगला हाय म्हनून. वाईट असता त इकला असता.”

व्यापारी छत्री उघडून निघून गेला. मग ‘फक्त एक फेरी’ असे ठरले. तांदूळ, गूळ आणि मिरच्या भरून बेटांवर जायचे, तिथून काथ्या आणि खोबरे घेऊन यायचे, आणि मग विकायचा. भाऊ, आता आमची पाचवी फेरी चालू आहे.

पहिल्या फेरीचे वर्णन मी करू शकत नाही, कारण ती मी पाहिली नाही. चार दिवस मी काथ्याच्या भेंडोळ्यात तोंड खुपसून पडलो होतो आणि मारुतीरायाला सांगत होतो, की तू एका उडीत पार झालास म्हणून तुला याची कल्पना नाही. गोजरा मात्र वाळूच्या पेटीवर चूल मांडून भाकरी थापत होती. मचवा डावीकडे कलला की ती उजवीकडे कलायची, आणि तव्यावरची भाकर जागची हलायची नाही. तिसऱ्या दिवशी वारा मध्येच पडला. फय्याज आभाळाकडे पाहत डोके खाजवत होता. गोजराने मूठभर कोंडा हवेत सोडला, तो कुठे जातो ते पाहिले आणि सांगितले, की घटकाभरात वारा तिकडून येईल, शीड तिकडे वळवा. फय्याज हसला. घटकाभरात वारा तिकडून आला. तेव्हा तो हसायचा थांबला आणि म्हणाला, “बाई, तुमको हवा का कैसा मालूम?” ती म्हणाली, “वीस वर्सं खळ्यावर ज्वारी उपनली नं बाबा. वारा नाई वळखला त दाने भुश्यात जाते.” त्या दिवसापासून सुकाणू तिच्या हातात आहे. फय्याज तिला विचारून झोपतो आणि विचारून उठतो. मी विचारत नाही. (मला आधीच सांगून ठेवलेले असते.)

बेटांविषयी लिहावे असे विशेष काही नाही. लोक गरीब आणि मायाळू आहेत, पण सगळ्या बेटावर शोधून एक ढेकूळ सापडणार नाही, नुसती पांढरी वाळू. भाजी नारळाची, चटणी नारळाची, दोर नारळाचा, छप्पर नारळाचे. मी आसेगावहून आणलेली तूर एका ठिकाणी हौसेने टोकली, तर खेकड्यांनी रोपे कापून नेली. पाणी हिरवे आणि निळे असते आणि इतके नितळ, की वीस हात खालची शिंपली दिसते. (असल्या पाण्याचा शेतीला काही उपयोग नाही.) सकाळी मासे पंख पसरून पाण्यावरून उडत जातात. मी गोजराला म्हटले, यात पाहण्यासारखे काय आहे? ती म्हणाली, मंग तुमी रोज पहाटे उठून कायले पाहून राह्यले? बायकांना असे प्रश्न कोण शिकवते कळत नाही.

आता मुख्य प्रसंग. पंधरवड्यापूर्वी तुमचे पत्र आले त्याच दिवशी तो घडला, म्हणजे एका अर्थी त्याला तुम्हीच कारण. मी पत्र गोजराला वाचून दाखवले आणि म्हटले, झाले तेवढे पुरे, आता घरी चल. ती दाभणाने शीड शिवत होती. ती म्हणाली, नाही. मी म्हटले, मग मी एकटा जातो. ती म्हणाली, “जा. जातांनी चुन्याची डबी ठेवून जा.” आता सांगा, एवढ्यावर कोणता नवरा थांबेल? या बेटांभोवती पाण्याखाली खडकांचे कडे असते. आमचा मचवा त्या कड्याच्या आत नांगरलेला होता, ओहोटीच्या शेवटी त्याचा तळ वाळूला टेकला होता, आणि बेटापर्यंत अर्धा मैल जेमतेम घोटाभर पाणी दिसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावरून एक होडी मंगळूरला निघणार होती. मी कोट घातला, पागोटे बांधले, वळकटी डोक्यावर घेतली, छत्री उघडली आणि उन्हाळ्यात आपण नदी ओलांडतो तसा मोठ्या रुबाबात चालत निघालो. मागे वळून पाहिले नाही.

अर्ध्या वाटेवर पाणी गुडघ्याला लागले. मला वाटले, खोलगट भाग असेल. मग ते मांडीला लागले, आणि तेव्हा आठवले की समुद्राचे पाणी परत येते. जवळ एक खडक होता, त्यावर चढलो. किनाऱ्यावर दोन बायका मोठमोठ्याने हात हलवत होत्या. मला वाटले रामराम करतात, म्हणून मीही छत्री हलवली. मग त्या धावत निघून गेल्या. खडकावर पाणी कमरेला आले. वळकटी वाहत गेली. पाणी छातीला आले. मला पोहता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. खरे सांगतो भाऊ, त्या वेळी मला ना वावर आठवले ना गाव. मनात एवढेच आले, की निघताना एकदा मागे वळून पाहायला पाहिजे होते.

आणि तेवढ्यात शीड दिसले. फय्याज सकाळीच होडकी घेऊन बेटावर गोडे पाणी आणायला गेला होता. मचव्यावर गोजरा एकटी. तिने एकटीने नांगर उचलला होता, एकटीने शीड चढवले होते, आणि पाण्याचा रंग पाहत पाहत, त्या खडकांमधून, पेरणीच्या वेळी आपण तिफण नेतो तशी ती मचवा सरळ माझ्याकडे आणत होती. जवळ येऊन तिने दोर टाकला आणि म्हणाली, “धरा.” मी धरला. छत्री सोडली.

वर आल्यावर तिने मला गुळाचे ऊन पाणी दिले. दोराने तिचे तळवे सोलून निघाले होते. मी म्हटले, गोजरे, तुला भीती नाही वाटली? तिने ओला दोर गुंडाळून ठेवला. मग म्हणाली, “आसेगावात काय पेराचं, काय इकाचं, कोनीकडं जाचं, मले कोनी इचारलं नाई. तुमीबी नाई. हा डोंगा घडीघडी इचारते. चुकलं त बुडवते, पन इचारते त.” आणि थोड्या वेळाने, “तुमाले जाचं असंल त सकाळी किनाऱ्याले लावून देतो. मी नाई येत.”

हे मी तुम्हाला गमतीने लिहिलेले नाही. बावीस वर्षे झाली, मी तिला काय विचारले ते आठवण्याचा प्रयत्न त्या संध्याकाळी केला. ‘जेवण झाले का’ याच्यापुढे मला जाता आले नाही.

सकाळी मंगळूरची होडी गेली. मी तिच्यात नव्हतो. मला सर्दी झाली होती.

असो. यावरून तुमच्या लक्षात येईल, की समुद्र ही कास्तकाराची जागा नव्हे. अन्न बेचव, पाणी खारट, हवा दमट, आणि जिवाची शाश्वती नाही. कोणी घरदार सोडून इकडे येण्याचा विचार बोलून दाखवला तर त्याला चार शहाण्या माणसांसमोर समज द्यावी. मी परत येण्याचा पक्का निश्चय केला आहे. अखाजीला आम्ही दोघे आसेगावात हजर असू, हा शब्द समजावा. लहानांना आशीर्वाद, थोरांना दंडवत.

तुमचाच,
मारोतराव

ता. क. अखाजी कोणत्या सालची, ते वर लिहायचे राहून गेले. या सालची नव्हे. पावसाळ्यात मचवा बेटावर ओढून झावळ्यांनी झाकतात, आणि दिवाळीनंतर गोजराच्या मनात मालदिवाकडे जायचे आहे. तिने मला विचारले, तुमाले काय वाटते? मी म्हटले, जाऊ. तरी आमचे वावर यंदा गावातल्या सोमलाला बटाईने द्यावे, आणि बैलजोडी तुमच्याकडे नेऊन तिला वेळेवर सरकीची ढेप घालावी, ही विनंती.

दुसरे ता. क. तुम्ही गोजराला न्यायला येणार असे लिहिले, तर खुशाल यावे. पण रागाने येऊ नये, कारण मग तुम्हाला दोन बायकांशी भांडावे लागेल. आमच्या वहिनी, म्हणजे तुमच्या घरच्या रुखमाबाई, यांचे गोजराला वेगळे पत्र आले आहे. त्यांनी ते मास्तरणीबाईंकडून लिहून घेतले. शिरपूरच्या जैन मंडळींचा संघ होळीनंतर मुडबिद्रीच्या देवळांना जातो आहे, त्यांच्यासोबत त्या निघणार आहेत. तुम्हाला त्यांनी ‘यात्रा’ असे सांगितले असेल. ते खोटे नाही. मुडबिद्रीहून मंगळूर जवळच आहे, आणि गोजराने त्यांना ‘या’ असे कळवून टाकले आहे. त्यांना अडवू नये, एवढ्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो होतो. बाकीचे ओघात आले.

तिसरे आणि शेवटचे. वहिनींनी विचारले आहे, की सुकाणू धरायला किती दिवसांत येते. गोजराने माझ्याच हातून लिहवून घेतले, तीन. मला अडीच महिन्यांत आलेले नाही, हे कृपा करून गावात कोणाला सांगू नये.