डोळे उघडण्याचा मान

।। श्री ।।
अंबत्तूर, १८ जून २००६

ती. अक्काच्या पायांशी मालोजीचा सा. न. वि. वि.

तंजावरी चित्रं एकशे तेरा. नवरात्रात बाहुल्या मांडायच्या सात पायऱ्या, एकही खिळा न ठोकता केलेल्या, सुट्या करून खाटेखाली जाणाऱ्या. दिसेनासं झाल्यावर आईसाठी घडवलेली काठी, तिच्या मुठीच्या मापाची. खारीच्या केसांचे ब्रश एकवीस. हे सगळं मी शरण्याच्या शाळेच्या अर्जात लिहिलं. अकरावीला तुझ्या भाचीनं कॉम्प्युटर सोडून चित्रकला घेतली, आणि ‘घरी कोणी कला जाणतं का’ असा त्यात रकाना होता. पुरला नाही, पाठीमागे लिहिलं. ‘गुरू कोण’ यापुढे रेघ मारली.

चाळीस मिनिटांच्या तासात कसली कला शिकवणार, म्हणून काल पालकांना बोलावलं तेव्हा हसायलाच गेलो होतो. श्रीदेवी टीचरनी टेबलावर खुर्ची उलटी ठेवली आणि बजावलं, खुर्ची काढायची नाही, मधल्या पोकळ्या काढायच्या. मलाही कागद दिला. अक्का, कारखान्यात मी मिलिमीटरचा शंभरावा भाग सांभाळणारा फिटर, आणि माझी खुर्ची लंगडी! अठरा पोरांनी नुसती हवा काढली, अन् अठरा कागदांवर खुर्ची आपोआप उभी राहिली. दोन सारख्या नव्हत्या. मी जन्मभर खाका ठेवून गिरवत आलो. आधी बघायचं असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. येताना बसमध्ये माणसं दिसेनात, त्यांच्यामधल्या जागाच दिसत होत्या.

आई ठीक. लोभ आहेच, त्यात उणं पडू देऊ नकोस.

मालोजी

---

तंजावर, २ जुलै २००६

चि. मालोजीस तुळजाअक्काचे अनेक आशीर्वाद.

एकशे तेरा मोजलीस ते बरं केलंस. पहिल्या कृष्णाचे दोन्ही हात डावे होते, तेही लिहिलंस का अर्जात?

गुरूपुढे रेघ मारलीस हे मात्र आवडलं नाही. मेलवीथी रस्त्यावरच्या त्या म्हाताऱ्या चित्रकाराच्या उंबऱ्याशी तू शाळा बुडवून उभा राहायचास. त्याला ठाऊक होतं, तरी त्यानं दार लावलं नाही. हेही शिकवणंच, बाबा. डोळे मात्र तो कुणाला उघडू द्यायचा नाही. पोरांनी सगळं चित्र करायचं, डोळ्यांची जागा कोरी ठेवायची, ती घरातल्या वडील हातानं न्हाऊन-धुऊन भरायची. पोर शिकून मोठी झाली की तेवढा मान तरी तुला देते का, बघ हो!

आईच्या तळव्यांना तेल लाव. माया आहे तशीच असू दे.

तुझी अक्का

---

।। श्री ।।
अंबत्तूर, २० जानेवारी २००८

ती. अक्कास सा. न.

माझ्या हातून मोठी चूक झाली आहे. बारावीच्या प्रॅक्टिकलसाठी शरण्या पाच महिने आईचं चित्र करत होती. परीक्षेत ठेवायचं मुख्य काम तेच, आणि त्याच गुणांवर तिचं पुढचं कला महाविद्यालय ठरायचं. पोंगलच्या सकाळी पाहिलं तर सगळं पुरं झालेलं, नाकातली खुंटी, पदराची उसवलेली कड, सगळं. फक्त डोळ्यांच्या जागी दोन ठिकाणी कोरा कागद. तुझं ते पत्र आठवलं. पोरीनं मान माझ्यासाठी राखला म्हणून ऊर भरून आला. न्हालो, नारळ फोडला, सर्वांत बारीक ब्रश घेतला आणि डोळे उघडले. असे डोळे मी आजवर कुठल्या देवाचेही काढले नव्हते.

शरण्यानं पाहिलं. रडली नाही. एवढंच म्हणाली, की आजीला दिसत नाही, ती जागा तशीच राहायची होती.

टीचरनी सांगितलं, दुसऱ्याचा हात लागलेलं चित्र परीक्षेला चालत नाही. परीक्षा अकरा फेब्रुवारीला. पाच दिवस झाले, पोर माझ्याशी बोलत नाही. आईपाशी कबूल केलं, तर तिनं विचारलं, आता मी कशी दिसते? मी म्हटलं, देवीसारखी. ती म्हणाली, मग ती मी नव्हे.

काय करू, ते लिही.

मालोजी

---

अंबत्तूर, ३ फेब्रुवारी २००८

ती. आत्यास शरण्याचा नमस्कार.

माझी मराठी तमिळच्या चालीनं जाते, सांभाळून घे. तू अप्पांना काय लिहिलंस माहीत नाही, पण पत्र आलं त्याच दिवशी त्यांनी विचारलं, की पेन्सिली तरी मी तासून देऊ का?

चित्र पहिल्यापासून नवं करते आहे. रोज सकाळी साडेसहाला आजी मागच्या ओसरीवर बसते, शेंगा सोलते. अप्पा ब्लेडनं पेन्सिली तासतात आणि टोकं फूटपट्टीनं मोजतात! बोलायची त्यांना आजीनं बंदी केली आहे. तिसऱ्या दिवशी त्यांनी खुणेनंच विचारलं, बसून बघू का? तेव्हापासून बघतात. काल न राहवून हळूच म्हणाले, आईच्या डाव्या कानाखाली घडी आहे, मला माहीतच नव्हती. अय्यो आत्या, मी तेव्हा तिथंच रेघ काढत होते.

राग आला होता, खूप. पण ते न्हाऊन, नारळ फोडून बसले होते, हे आठवलं की टिकत नाही.

तुझी लाडकी (तू म्हणतेस म्हणून)
शरण्या

---

।। श्री ।।
अंबत्तूर, २४ फेब्रुवारी २००८

ती. अक्काच्या चरणी सा. न. वि. वि.

परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई प्रत्येक चित्रापुढे मिनिटभर थांबत होत्या. आईपुढे चार मिनिटं आणि वर काही सेकंद. मी खिडकीतून घड्याळ धरून होतो. गुण मे महिन्यात कळतील.

चित्र परवा घरी आलं. अक्का, कसं सांगू? डोळ्यांच्या जागी नुसता कागद आहे, आणि सगळा उजेड तिथूनच येतो. मान किंचित कलती. आई ऐकते आहे. आपण हाक मारायच्या आत तिला कळतं ना, आपण आलो ते? तेच. सोन्याचा वर्ख नाही, खडा नाही, एका काळ्या पेन्सिलीचं काम. मी समोर बसलो तो कारखान्याची पहिली शिफ्ट चुकली. इतकी वर्षं मी डोळे उघडत आलो, पण असं काही माझ्या हातून झालं नाही. व्हायचंही नाही, आणि त्याचं वाईट वाटत नाही, हे नवल.

तू येऊन बघ. तोवर आशीर्वाद पोरीला आधी, उरले तर मला.

मालोजी

ता. क. माझी चित्रं चार-चार हजारांना नेणारा मैलापूरचा दुकानदार काल आला होता. आईचं चित्र पाहून उठेचना. शरण्याला विचारलं, देणार का? तिनं माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, याचं अप्पा ठरवतील. त्याची अट एकच, डोळे मी उघडून द्यायचे. मी नाही म्हटलं. पंचवीस हजार रुपये रोख देत होता.