मागचा डावा स्पीकर

रविवार, १४ जानेवारी

खोकी आली. सहा! शेजारच्या व्हर्जिलनं बर्फातून घसरगाडीवर ओढत आणून दिली आणि वर टोमणा मारला — "नॉर्ब, माणूस एक आणि स्पीकर सहा?"

एक नाही, दोन. आयरीन मार्चमध्ये येणार आहे. म्हणजे "मार्चमध्ये बघू" असं म्हणाली आहे. नोव्हेंबरपासून ती टूसॉनला बहिणीकडे आहे. तिथे ऊन, इथे मिलवॉकीत गुडघाभर बर्फ. पण उन्हासाठी कोणी एकतीस वर्षांचा संसार सोडून जात नाही, एवढं मलाही कळतं. मला राग आहे तो वेगळाच. जाताना एका शब्दानं कारण सांगितलं नाही. सकाळी उठून बघतो तर बॅग दाराशी.

तिचं एकच गाऱ्हाणं मला आठवतं — "या घरात काही ऐकूच जात नाही." हजारदा म्हणाली असेल. खरंच होतं ते. आमच्या टीव्हीवर गाणी ठणाणा आणि माणसं बोलायला लागली की नुसती कुजबुज. आता बघू म्हणावं. आली की आधी सोफ्यावर बसवीन, मग बटण दाबीन.

मंगळवार, १६ जानेवारी

पुढे तीन स्पीकर — डावा, मधला, उजवा. मागे दोन. सहावा म्हणजे तो अवजड ठोकळा, ढमढम करणारा. माणसांचं बोलणं मधल्यातून येतं म्हणे. म्हणून मधला बरोबर आमच्या सोफ्यासमोर.

गालिच्याखालून वायर सरकवायची तर दुसऱ्या टोकाला कोणीतरी लागतं. "ओढ" म्हटलं की ओढणारं. शेवटी वायरला दोरी बांधली, दोरीला वजन म्हणून आमटीचा डाव, आणि एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला असा मीच धावत राहिलो. दुपार गेली. डब्यातलं सूप गरम केलं आणि ओट्याशी उभ्यानंच प्यायलो.

गुरुवार, १८ जानेवारी

ठोकळा कुठे ठेवायचा याची युक्ती दुकानातल्या केंड्राबाईंनी सांगितली होती. "मिस्टर लिपिन्स्की, तुमच्या बसायच्या जागी ठोकळा ठेवा, तो वाजू द्या, आणि तुम्ही खोलीभर रांगा. जिथे आवाज भरदार लागेल, ती त्याची जागा." मला वाटलं गंमत करताहेत. पण माहितीपत्रकातही तसंच छापलंय.

तर साहेब सोफ्यावर, आणि मी त्रेसष्टाव्या वर्षी चार पायांवर. कपाटाच्या मागे, दिव्याच्या खाली, कान जमिनीला लावून. खिडकीवर टकटक. व्हर्जिल!

"काय हरवलं?"

"मोजा," म्हटलं.

"दोन्ही मोजे पायांतच आहेत की रे तुझ्या!"

तो हसत गेला, मीही हसलो. मग सोफ्याकडे बघितलं. माझ्या समोर त्यावर कोणीतरी बसलंय असं दोन महिन्यांनी दिसत होतं. ठोकळाच, पण मी त्याला लगेच उचलला नाही. जागा सापडली ती खिडकीखालची.

शनिवार, २० जानेवारी

आज सगळं जोडून वाजवलं. चाचणीचा खरखराट एकेका स्पीकरमधून फिरतो. पुढचा डावा जरा मवाळ. मधला, उजवा, मागचा उजवा — खणखणीत. मागचा डावा — काही नाही.

उठून जवळ गेलो, तर वाजतोय. येऊन बसलो, गप्प. पुन्हा गेलो, वाजतोय. माझी चेष्टा चालवलीय. सोफ्याचा पाय वायरवर येत असणार.

रविवार, २१ जानेवारी

सोफा उचलून बघितला. वायर मोकळी. मग मागचे दोन्ही स्पीकर आपसात बदलले. आता कालचा चांगला मुका आणि कालचा मुका बोलतोय! म्हणजे दोष स्पीकरचा नाही, डाव्या वायरचा.

संध्याकाळी आयरीनचा फोन, दर रविवारसारखा. "बरा आहेस?" बरा. "जेवतोस ना नीट?" जेवतो. "बर्फ?" आहे. स्पीकरचं सांगितलं नाही, तिला चकित करायचंय. "अजून काही?" तिनं विचारलं. काही नाही म्हटलं. फोन ठेवल्यावर सांगायच्या पन्नास गोष्टी आठवल्या. मला तिची आठवण येते. हे इथे लिहिता येतं, फोनवर बोलता येत नाही.

सोमवार, २२ जानेवारी

वायर बदलली. तेच.

बुधवार, २४ जानेवारी

पेटीत एक बोटाएवढा मायक्रोफोन आहे. तो सोफ्यावर कानाच्या उंचीला ठेवायचा, मग यंत्र स्वतःच सगळे स्पीकर ऐकून मोजतं. उशीवर पुस्तकं रचली, वर तो ठेवला. पडद्यावर सूचना — खोलीत पूर्ण शांतता राखा. बाबा रे, इथे दुसरं आहे काय!

मोजून झालं. सगळे स्पीकर सारखे. मागचा डावासुद्धा. बसून ऐकलं, गप्प. यंत्रच बिघडलेलं आहे. दुकानात फोन करून चांगला आवाज चढवला. केंड्राबाई सोमवारी येते म्हणाल्या.

शुक्रवार, २६ जानेवारी

दर शुक्रवारचा आमचा रिवाज म्हणून कोपऱ्यावरच्या बारमध्ये तळलेला मासा खायला गेलो. वाढणारीनं सवयीनं दोघांचे काटे-चमचे मांडले. राहू दिले तसेच.

सोमवार, २९ जानेवारी

केंड्राबाई आल्या. माझ्याएवढ्याच असतील वयानं, बुटांचा बर्फ झटकून थेट सोफ्यावर बसल्या. खरखराट फिरवला.

"वाजतोय की, मिस्टर लिपिन्स्की. सगळेच वाजताहेत."

"आता मी बसतो," म्हटलं. बसलो. मागचा डावा गप्प. मी विजयानं त्यांच्याकडे बघितलं. त्या माझ्या डाव्या बाजूला येऊन उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ नुकतेच हलायचे थांबले होते.

"मी तुम्हाला आत्ता दोनदा विचारलं," त्या म्हणाल्या. "कॉफी मिळेल का म्हणून."

मग त्यांनी स्वयंपाकघरातली खुर्ची आणली, सोफ्यापुढे उलटी ठेवली आणि मला मागच्या भिंतीकडे तोंड करून बसवलं. पुन्हा खरखराट. मागचा डावा खणखणीत वाजू लागला. आता मागचा उजवा मेला होता.

मला कळायला वेळ लागला. त्यांना लागला नव्हता. कॉफी घेताना त्या माझ्या उजव्या बाजूला बसल्या, आणि जाताना कानाच्या डॉक्टरचा नंबर कागदावर लिहून ठेवून गेल्या.

गुरुवार, १ फेब्रुवारी

डावा कान जवळजवळ गेलेला आहे. डॉक्टर म्हणाल्या, दहा-बारा वर्षं तरी झाली असतील. चौतीस वर्षं कारखान्यात पत्रा ठोकणारी प्रेस माझ्या डाव्या हाताला होती. "हळूहळू जातो तेव्हा माणसाला कळत नाही. समोरच्याला वाटतं, हा लक्षच देत नाही."

परत येताना शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघितलं आणि गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली.

स्टिअरिंग डावीकडे, म्हणून गाडीत आयरीन माझ्या उजव्या हाताला बसते. गाडीत आम्ही किती बोलायचो! हसायचो. तीच म्हणायची, चल, एक चक्कर मारून येऊ. मला वाटायचं तिला फिरायची हौस. घरी आलो की मात्र ती गप्प, असं मी समजत होतो. सोफ्यावर डावी बाजू तिची. पलंगावर डावी. जेवायच्या टेबलावरही डावी.

काही ऐकूच जात नाही, असं ती टीव्हीबद्दल म्हणत नव्हती.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

रविवारची वाट न बघता मीच फोन केला. कानाचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नॉर्ब, निघायच्या आदल्या संध्याकाळी मी सोफ्यावर बसून तुला सगळं सांगितलं. नको जाऊस म्हणालास तर थांबते, असंही म्हटलं. मग विचारलं, जाऊ का?"

"मी काय म्हणालो?"

"तू टीव्हीकडे बघत मान डोलावलीस."