एका टिकवर थांबलेलं

बाबा, तुम्ही पांढरा शर्ट घालून, हातात नारळ आणि पेढ्यांचा पुडा घेऊन प्रभादेवीला तिच्या घरी माझ्यासाठी मागणी घालायला गेलात, त्या संध्याकाळी माझं सगळं बदललं. मी तेव्हा सेकंड इयरला. तिच्या वडिलांनी विचारलं, "मुलगा करतो काय?" तुम्ही छाती काढून सांगितलंत, "शिकतो." ते हसले म्हणे. पण तुम्ही निघाल्यावर तिचा फोन काढून घेतला आणि तिला थेट मावशीकडे नाशिकला धाडलं. चाळीतल्या कुणीतरी आम्हाला चौपाटीवर पाहिलं होतं. बोभाटा व्हायच्या आत सरळ मार्गाने जावं, एवढंच तुमच्या डोक्यात होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मी गॅलरीत उभा राहून अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा ओरडलो, "कुणी सांगितला होता शहाणपणा?" तुम्ही त्यांनी परत केलेला नारळ तसाच हातात धरून उभे. मी बॅग उचलली, भोईवाड्याला मित्राच्या खोलीवर गेलो, कॉलेज सोडलं आणि तुमचा नंबर ब्लॉक केला. आईकडे फोनच नव्हता, म्हणजे अख्खं घर ब्लॉक झालं. तुम्ही गेल्याचं सांगायला शेजारचे काका खोलीवर आले.

तुमचा फोन तेव्हापासून आई वापरते. ब्लॉक मी त्याच आठवड्यात काढला, पण नाव बदललं नाही. ती फोन करते तेव्हा स्क्रीनवर 'बाबा' येतं आणि मी म्हणतो, "बोल गं." आता त्या फोनची बॅटरी फुगली, काच गेली, म्हणून तिला नवीन आणलाय. मघाशी दोन्ही फोन ओट्यावर शेजारी ठेवून सगळं इकडून तिकडे पाठवत होतो. आई कोलंबी सोलत होती. "सगळा येतला मां रे? त्यांचा पण?" "येईल गं, घाई करू नको."

आलं. खात्री करायला चॅट उघडले, तर त्यात मी होतो. तुमचे व्हॉइस मेसेज, एकाखाली एक, बोटाने वर सरकवत गेलो तरी संपेनात. प्रत्येकाला एकच टिक.

"ता तुझाच," आई म्हणाली. "जेवान झाला की गॅलरीत जाऊन बोलत बसायचे. मी म्हणायची, तो जबाब देना नाय, कित्याक बोलतास? तर म्हणायचे, ऐकता तो. रागात आसा म्हणून बोलना नाय." मग हात थांबवून माझ्याकडे बघून, "ऐकलंस मां रे सगळा?"

"हो," मी म्हटलं.

एक टिक म्हणजे पोचलंच नाही, हे तिला ठाऊक नाही. तुम्हालाही नसणार. की होतं, बाबा? ठाऊक असूनही बोलत होता?

एक मेसेज कानाला लावला. मागे कुणाचा तरी टीव्ही, मग तुमचा खोकला. "तिच्या बापाकडे मी परत जावचंय नाय. तू सांगशीत तसा. पण जेवक ये. तुझी आवस तुझ्यासाठी माशे काढून ठेवता नि सकाळी टाकून देता." एवढंच. तिचा नंबर मला अजून पाठ आहे बाबा, तिचं लग्न झालं तरी. तुमचा आवाज मात्र मी विसरलो होतो. तो इतका बारीक होता हे आज कळलं.

हे सगळं मी तुमच्याच चॅटमध्ये टाइप करतोय, आतल्या खोलीत बसून. पाठवलं तर ओट्यावरचा फोन वाजेल, आई चष्मा शोधेल आणि शेवटी मलाच म्हणेल, वाचून दाखव. म्हणून पाठवत नाही. तिला खरं सांगायला हवं, पण तुम्ही तिला सांगितलेलं मी खोटं कसं पाडू? की हीसुद्धा माझी पळवाटच?

बाहेरून तुमचा आवाज येतोय. तिला प्ले करता आलं वाटतं. त्यावरून आई हाक मारते, "ह्यो फोन बेस आसा रे, खणखणीत ऐकू येता! ये, बस हय. परत एकदा ऐकूया दोघांनी."

"तू ऐक गं, मी आलोच," म्हणतो. चपला पायात सरकवतो, तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.