पूजेचं तबक आणि चाकांपुढचे ठोकळे

सांगानेर विमानतळ, जयपूर
१ नोव्हेंबर १९५८

तीर्थरूप मामांस जावई नंदकिशोर याचा साष्टांग नमस्कार. इकडे मी ठणठणीत आहे. साताऱ्यास आपला गुडघा काय म्हणतो आणि सौ. मामींचा खोकला हटला की नाही, ते कळवावं. चि. सौ. प्रतिमा सुखरूप पोहोचल्याचं आपलं कार्ड मिळालं. "दसऱ्याला नक्की काय झालं?" हा एकच प्रश्न आपण त्यात तीनदा विचारलाय, म्हणून सविस्तर लिहितो. काळजीचं काहीएक कारण नाही.

आमच्या फ्लाइंग क्लबात जमिनीवर इंजिन कसं सुरू करावं याचे अकरा नियम मी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून हँगरच्या दारावर लावले आहेत. चाकांपुढे लाकडी ठोकळे (आपण बैलगाडीला उटी लावता तेच), आत बसायला जाणता माणूस, पंख्यासमोर कोणी उभं राहायचं नाही, जवळपास विस्तव नाही, आणि काही बिघडलं की सगळ्यात आधी स्विच बंद. हे मी घरीही पाळतो. स्टो पेटवण्याआधी प्रतिमेने "स्विच बंद" असं मोठ्याने म्हटलंच पाहिजे (स्टोला स्विच नसतो हे मला ठाऊक आहे, पण सवय चांगली).

आता दसरा म्हटला की मराठी माणूस यंत्राला हार घातल्याशिवाय राहत नाही. आमच्या दोन आसनी विमानाची पूजा मीच ठरवली. विस्तवाचा नियम असल्यामुळे न पेटवलेल्या निरांजनाने ओवाळलं. ढगळ कपड्यांचा नियम असल्यामुळे पीतांबर न नेसता विजारीवर मंत्र म्हटले. आत जाणता माणूस हवा, हे खरं. पण पूजेला जोडी लागते, म्हणून तिथे प्रतिमेला बसवलं आणि स्विचचा खटका दाखवून ठेवला. इंजिनाचा वेग वाढवायची गॅसची दांडी बोटभर पुढे केली (नियमात पाव बोट आहे, पण सणाचा दिवस होता).

मी "चालू!" म्हटलं, पंखा ओढला, पहिल्याच झटक्यात इंजिन लागलं आणि विमान निघालं. सावकाश, पण थेट सेक्रेटरीसाहेबांच्या पेढ्यांच्या टेबलाकडे. तबकातलं सगळं कुंकू वाऱ्याने साहेबांच्या पांढऱ्या सुटावर गेलं. मी मुळीच डगमगलो नाही. पळालो, पण नियमाप्रमाणे बाजूला पळालो. टेबलापासून चार हातांवर विमान आपोआप थांबलं. ठोकळे जागेवर नव्हते, हे मागाहून दिसलं (कोणी काढले ते मी म्हणणार नाही, पण तबक ठेवायला पाट प्रतिमेला हवा होता). विमानं ढकलणारा आमचा म्हातारा खलाशी देवराम मागून काहीतरी ओरडत होता. त्याचं मी मनावर घेत नाही. सोमवारी चौकशी आहे. माझा परवाना जाईल असं क्लबात कुजबुजतात, पण माझ्याइतका नियमांचा माणूस त्यांना मिळणार कुठे?

तरी आपण प्रतिमेची समजूत घालून दिवाळीआधी तिला पाठवावं.

आपला
नंदकिशोर

ता. क. देवराम ओरडत होता, "साबजी, गुटके! पहले गुटके लगाओ!" (गुटके म्हणजे ते ठोकळेच.) त्याला मीच गप्प केलं. ठोकळेही मीच काढले. तिने पाट मागितला, तेव्हा मी म्हणालो, पाट कशाला, हे घे.

आणखी ता. क. विमान आपोआप थांबलं नाही. ती आतून "स्विच बंद!" असं ओरडली आणि तिनेच खटका पाडला. ती खाली उतरत होती, आणि मी साहेबांना सांगत होतो, "बायकांना यंत्रातलं काय कळतं!" दुसऱ्या दिवशी एका लष्करी कुटुंबाची सोबत धरून ती तिकडे आली. मला फार लाज वाटते, मामा.

शेवटची ता. क. दोष सर्वस्वी माझा, असं चौकशीला लिहून दिलंय. नक्कल सोबत आहे. वरचं पत्र फाडून टाका, ही ता. क. तेवढी तिला वाचून दाखवा. नऊ दिवस झाले, घरात स्टो पेटलेला नाही. जाणता माणूस बसलेला असल्याशिवाय काही सुरू करायचं नाही, असा नियम आहे.