सुमनच्या स्वयंपाकघरातली गाडी

४ नोव्हेंबर
घराचा नकाशा नगरपालिकेतून परत आला. शेरा एकच: खाली गाडीची जागा दाखवलेली नाही. प्रत्येक घराला हवीच म्हणे. बावीस वर्षं पलटणीत ट्रक हाणले, स्वतःची गाडी कधी घेतली नाही. घरात एक सायकल, तीही पंक्चर. सुमनला अजून सांगितलं नाही.

६ नोव्हें.
इंजिनिअर इस्लामपूरहून आला. प्लॉट अरुंद. गाडी आणि जिना घातला की खाली काही उरत नाही. स्वयंपाकघर, झोपायची खोली, सगळं वर. भाड्याच्या घराच्या दोन पायऱ्या चढताना सुमनचे गुडघे रडवतात, म्हणून तर बांधायला काढलं. शेवटी सांगितलं तिला. मेथी निवडत राहिली. मग म्हणाली, "आवं, मग घर गाडीलाच बांधताय की."

७ नोव्हें.
चूक माझीच. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा, ही आमची रीत. धाकट्या दत्ताला कमी नको, दोघांनाही रस्ता मिळावा, म्हणून प्लॉट उभा चिरला. भावकीनं वाहवा केली. आता दोन पट्ट्या, आणि माझ्या पट्टीत बायकोला जागा नाही.

११ नोव्हें.
सांगलीला दत्ताकडे. दोघांनी मिळून एकच नकाशा टाकला तर गाड्या एका कडेला जातात, खाली खोल्या बसतात. दत्तानं चहा पाजला, पोरांचं सांगितलं. सहीचं काढलं तेव्हा खाली बघून म्हणाला, "आण्णा, वाटणी तुमीच केली न्हवं? आता परत एक कशाला?" त्याला त्याचा वाटा विकायचाय. वाकडं बोलला नाही, म्हणून जास्त लागलं.

२ डिसें.
इंजिनिअर म्हणतो, कागदावर गाडी दाखवा, पास झालं की भिंत घालून खोली करा, सगळेच करतात. उद्या कुणी तक्रार केली, भिंत पाडली, तर हिला घेऊन कुठं जाऊ? नको म्हटलं. वरच्याच घराचा नकाशा टाकला. हरलो.

१७ जानेवारी
नकाशा पास. आज प्लॉटवर चुन्याच्या फक्कीनं आखणी. पुढं गाडीचा चौकोन, मागं जिना. सुमन रिक्षानं आली. ओटा कुठं, विचारलं. वर, म्हणालो. तिनं रिक्षातून माझ्या आईचा पाटा उतरवून घेतला आणि गाडीच्या चौकोनात ठेवायला लावला.

"मी हितंच वाटणार. गाडी आली की सांगा, उठते."

सोमवारी पाया खणायला माणसं येतील. पाटा एकट्याला उचलता येईल एवढाच आहे. तो उचलायला संध्याकाळी दोनदा जाऊन आलो. अजून तिथंच आहे.