मागच्या सीटवरचा तांदूळ

११ डिसेंबर
नागपूर. विलासची तपासणी. कण्याच्या ऑपरेशननंतर त्याला बस सोसत नाही, जीप तर नाहीच. या गाडीत पुढची सीट जवळजवळ आडवी होते. आमच्या मूल गावापासून तो पडून येतो, उमरेडच्या पुढे झोपतोही. गाडी जुनी, एका डॉक्टरांनी वापरलेली, महागड्या कंपनीची हायब्रिड. नऊ लाखांत मिळाली. शेजारच्या ताराबाई तिला ‘प्राध्यापकीणबाईचं विमान’ म्हणतात.
हळू चालताना इंजिन बंद असतं, बॅटरीवर जाते. सिंदेवाहीजवळ म्हशी रस्त्यातून हलेनात. विलास पडल्या पडल्या : “हॉर्न मार ना. त्यायले वाटून राह्यलं, गाडी उभीच हाये.”
पुढचं इंजेक्शन फेब्रुवारीच्या मध्यावर. चुकलं तर डावा पाय पुन्हा बधिर होऊ लागेल. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा माझ्याकडे पाहून.

१६ डिसेंबर
नवा तांदूळ. घरची भातगिरणी भाड्याने दिली आहे, पण पहिल्या भरडाईचे कट्टे, म्हणजे तांदळाची पोती, विलासचे. जिथे येणं-जाणं आहे त्या घरी एक कट्टा, तोही स्वतः नेऊन द्यायचा. सासऱ्यांच्या वेळेपासून असंच. मी म्हटलं, टेम्पोने पाठवू.
“तांदूळ का पार्सल हाये?”
डिकी लहान. कट्टे मागच्या सीटवर. चामड्याची सीट मळू नये म्हणून खाली तरट. विलासने खिडकीतून सांगितलं, मी दोन्ही कडांना घट्ट खोचलं.

२१ डिसेंबर
सावली, व्याहाड, गडचिरोली. विलास उतरत नाही, माणसंच गाडीपाशी येतात. चहा खिडकीतून.
“विलासभाऊ, उतरा ना घडीभर.”
“उतरलो तं चढवाले चार जण लागतीन. तुमच्या घरी दोनच दिसून राह्यले.”
ऑपरेशननंतर त्याला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. परत येताना पुढच्या खेपेची घरं ठरवत होता.
गाडीत सगळीकडे कोंड्याची पांढुरकी धूळ. मागून पंख्याचा आवाज येतो. विलास म्हणतो, एसी असेल.

५ जानेवारी
खेपा संपल्या. तरट तसंच राहू दिलं, पुढच्या वर्षी लागेल म्हणून.
पेट्रोल जास्त जातं आहे. पडद्यावर बॅटरीच्या पट्ट्या भराभर चढतात, भराभर उतरतात. पंख्याचा आवाज आता बोलणं तोडतो.

९ जानेवारी
कॉलेजच्या फाटकात लाल त्रिकोण पेटला. ‘हायब्रिड सिस्टिम तपासा.’ गाडीत जोर नाही. तास घेतला. काय शिकवलं आठवत नाही.

१० जानेवारी
चंद्रपूर. मेकॅनिक शकीलभाऊ. डिकीत एक लहान बॅटरीही असते, साध्या गाड्यांसारखी, पण दर साधा नाही. ती बदलली. सोळा हजार. त्रिकोण गेला.
“मॅडम, हेच होतं. बेफिकीर जा. मागच्या मोठ्या बॅटरीत लय करंट असते, तिले मात्र मी हात लावत नाई. माह्या बायकोनं शपथ घालून ठेवली हाये.”
निर्धास्त आलो.

१३ जानेवारी
त्रिकोण परत. शकीलभाऊंचा फोन : “मंग ते दुसरं काही तरी असन.”

२० जानेवारी
एकटीच नागपूरला गेले, हळू. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मागची सीट उचलली. सीटच्या कडेला एक जाळी आहे. तिच्यातून मोठ्या बॅटरीला हवा जाते. बॅटरी सीटच्या पाठीमागे. जाळी कोंड्याने लिंपल्यासारखी, आत पंखाही. तरटाने वरून झाकलेली. कितीतरी दिवस बॅटरी तापत राहिली.
स्वच्छ कपड्यांतला सल्लागार : “मॅडम, गाडीत आपण नेमकं काय वाहून नेत होतात?”
“तांदूळ.”
त्याने ते कागदावर लिहिलं नाही.
नवीन बॅटरी चार लाख ऐंशी हजार. ब्रेकचा पंपही आवाज करतो आहे. या गाड्यांत हे होतंच, म्हणाला. तो गेला तर आणखी दीड लाख. बॅटरी बदलेपर्यंत लांब नेऊ नका.

२२ जानेवारी
गाडी ट्रकवर चढवून घरी. नऊ हजार. ताराबाई फाटकात :
“वा बाई! विमानाले बी आता ट्रक लागते का?”
विलास खाटेवरून हसला. मग विचारलं, काय निघालं.
जुनी झाली होती बॅटरी, म्हणणार होते. म्हटलं नाही. जाळीचं सांगितलं, तरटाचं सांगितलं. त्याने मला मागचं दार उघडायला लावलं. काठी टेकत आला, वाकता येत नाही म्हणून उभ्यानेच पाहिलं. सीटच्या शिवणीत अजून कोंडा होता.
“विकून टाक.”
जेवला नाही.

२३ जानेवारी
“का विकायची?” मी.
“मले फिरवाले घेतली होती ना? फिरलो.”

२७ जानेवारी
नागपुरात बंटी म्हणून एक जण बॅटरी उघडून खराब सेल तेवढे बदलतो. फोनवर : “सत्तर हजार समजा ताई. उघडल्यावर वाढू शकतात. गॅरंटी सहा महिने. त्यानंतर दुसरे सेल गेले तर मला बोलायचं नाही.” पंख्याचे वेगळे. इथे येऊन करतो, येण्याचे वेगळे.
विलासला सांगितलं. भिंतीकडे तोंड करून : “सहा महिन्यांनी पुन्हा सत्तर. मंग पुन्हा. मी का सेठ हावो?”
हिशेब त्याचाच बरोबर आहे. कागदावर मांडून पाहिला, दोनदा.

३१ जानेवारी
वरोऱ्याचा एक जण गाडी पाहून गेला. लग्नांना गाड्या भाड्याने देतो. चारही बाजूंनी फोटो काढले, बॉनेट उघडलंच नाही.
मी म्हटलं, हिची मोठी बॅटरी गेली आहे.
“चालन मॅडम. नवरदेव मांडवाच्या दोनशे पावलं अलीकडे बसते. तेवढं पोट्टे ढकलतीन.”
अडीच लाख म्हणाला. विलासने तीन म्हटलं, माझ्याकडे न पाहता. तो विचार करून कळवतो म्हणाला.

४ फेब्रुवारी
इंजेक्शन जवळ आलं. भाड्याची मोठी गाडी बोलावून पाहिली, आधी गावातल्या गावात. तलावापर्यंतही जाता आलं नाही. गतिरोधकावर त्याने माझं मनगट धरलं ते सोडलं नाही. परत फिरलो.
अँब्युलन्सचं विचारलं. आडवं होऊन जाता येईल.
“जितेपणी नाई.”
“त्यात काय आहे?”
“मले रस्ता दिसत नाई त्यात. छत पाहत नागपूरले जाऊ का?”
डाव्या पायातली चप्पल आज दोनदा निसटली. त्याला कळलं नाही. मी उचलून घातली.

८ फेब्रुवारी
बंटीला फोन. यायला तयार आहे, परवापर्यंत सांगा म्हणतो, नंतर तो रायपूरला. बँकेत सत्तर आहेत. वाढले तर नाहीत.
विलासला विचारलं नाही. विचारलं की तो नाही म्हणेल, मग ते त्याचं म्हणणं होऊन बसेल.

९ फेब्रुवारी
सकाळी वरोऱ्याचा फोन. मी पोळ्या लाटत होते, हात पिठाचे. फोन विलासने घेतला. स्पीकरवर.
“भाऊ, तीन लाखाले तयार हावो. इसाराचे पैसे घेऊन आत्ताच निघतो. गाडी हाये ना घरी?”
स्वयंपाकघराच्या दारातून अंगण दिसतं. गाडी उभी होती, टपावर कडुनिंबाची पानं.
विलास गाडीकडे पाहत राहिला. पलीकडून हॅलो, हॅलो.
“गाडी बाहेर गेली हाये,” विलास म्हणाला.
“कुठी? अन् येते कधी?”
त्याने फोन छातीशी धरला आणि माझ्याकडे पाहिलं. “त्या बंटीले किती दिवस लागतीन?”